बोरीवरचं काळीज

इंद्रजित त्रिशूरहून आला संक्रांतीच्या आधी.
बाप तिथं गलाईच्या दुकानात सोनं वितळवतो,
आई तिथंच, पोटुशी,
म्हणून हा इकडं, विट्याच्या वरल्या अंगाला,
थोरल्या चुलतीकडं ठेवलेला.
मराठी बोलतो, पण नाकातून. पोरं हसायची.

खिचडी वाढता वाढता म्हटलं,
तिकडची एखादी गोष्ट सांग की बाबा.
तो उठला. चड्डी वर ओढली.
"चक्क्याच्या झाडावर एक माकड राहायचं."

चक्क्याच्या!
मुस्कान मुलाणीला ठसका लागला.
"श्रीखंडाचं झाड असतंय व्हय रं?"
त्यानं दोन्ही हात पसरले:
एवढं मोठं, वरनं काटेकाटे, आत पिवळं.
फणस होय!
आमच्या बाजारात एकदाच आला होता,
टेम्पोतनं, आणि तसाच परत गेला.

"खाली पाण्यात मुदला होती."
मुदला म्हणजे मगर.
मी आपली मुद्दल ऐकली
आणि व्याजाची वाट बघत बसले.

सार्थकनं हात वर केला.
"पर पाणी कुठलं?"
खरंच. आमच्या ओढ्यात वाळू,
वाळूत काचा,
आणि जाधवांची एक शेळी.
गोष्ट तिथंच रुतली.
मग मी खडू खाली ठेवला, म्हटलं,
ओढा रे सगळी मिळून.

तर झालं असं.
मगर राहायची भिलवडीच्या डोहात.
एक दिवस निघाली, उलट्या धारेनं, थेट टेंभूला.
पंपानं पाणी ओढलं, पाण्यासंगं हिलाही.
पहिला टप्पा, धप्प!
दुसरा टप्पा, धप्प!
तिसऱ्याला शेपूट अडकलं,
लाईट गेली, दोन दिवस तशीच लोंबकळत.
लाईट आली, आणि बाई पाटात पडल्या
आमच्या बोरीखाली.

फणस गेला, बोर आली.
माकड वरनं बोरं टाकी,
"आंबट हायती, पर खा."
मगर बियांसकट खाई.
रोज खाई. रोज गप्पा.

मगरीचा नवरा मात्र डोहात फुगून बसलेला.
"एवढी गोड बोरं खाणाऱ्याचं काळीज कसं असंल!
आण जा. तिखटमिठात परतून दे."
(कार्तिकीचे वडील मटणाचं दुकान चालवतात.
कांदा किती, तेही तिनं सांगितलं.)

मगरीनं माकडाला पाठीवर घेतलं,
पाटाच्या दुसऱ्या वळणावर खरं बोलून गेली.
माकड म्हणालं, "आगं, आधी न्हाई का सांगायचं?
काळीज तर बोरीवर ऱ्हायलं!
वाटंत पडाय नगं म्हणून
काट्याला अडकवून येतो मी."

पोरं लोळली हसून.
मुस्कान परत ठसकली.

इंद्रजित हसला नाही.
ताटलीतली खिचडी बोटानं एका बाजूला केली,
मग दुसऱ्या बाजूला.
"ताई, माझ्या पप्पांचं
कुठल्या झाडावर आहे?"

कुणी काही बोललं नाही.
मग सार्थक म्हणाला, "माझ्या काकाचं पन आसंल. गुवाहाटीत हाय त्यो."
"दादा मदुराईला हाय."
"आमच्यातलं तर चौघं."
आणि ताटल्या न धुताच सगळी बाहेर पळाली.

टाकीमागची बाभळ सार्थकनं काकाला दिली.
लिंबाच्या दोन फांद्या वाटून घेतल्या, भांडून.
इंद्रजित बोरीखाली उभा, मान वर,
काटान् काटा बघत होता.
"दिसतंय का रं?"
"पानं आहेत मध्ये."

माकड खोटं बोललं होतं,
काळीज त्याच्यापाशीच होतं सगळा वेळ,
हे सांगायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, मी ठेवलं.
मोठ्या गटात जातील तेव्हा बघू.

रजिस्टरात लिहिलं:
गोष्ट, माकड आणि मगर. हजर, चौदा.
शेरा या रकान्यात काय लिहावं कळेना.
बाहेर कुणीतरी बोर हलवली,
पत्र्यावर बोरं तडातडा वाजली,
आणि चौदाच्या चौदा पोरं
खाली वाकली.